बाळाचं हृदय, मुंबईची वाट आणि आपला गट



गेल्या दोन महिन्यांत अंदरसूल, राजापूर, पाटोदा भागातल्या बैठकांना गेले, तेव्हा बचत-कर्जाचं कामकाज संपलं की एकच विषय निघायचा. आपल्या एका गटातल्या ताईंच्या सुनेचं बाळ जन्मतःच हृदयाचा आजार घेऊन आलं. सात दिवसांच्या त्या लेकराला घेऊन घरचे आधी नाशिकला आणि तिथून मुंबईला गेले, पाच आठवडे तिकडेच राहिले. आता बाळ घरी आहे. तरी सगळ्यांच्या मनात प्रश्न आहेतच. "हृदयाला भोक म्हणजे काय हो मॅडम?" "एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन होतं का?" "पैसे किती गेले?" "आपल्यावर आलं तर कुठं जायचं?"

म्हणून या अंकात हाच विषय घेतला. त्या ताईंना विचारून त्यांचा अनुभवही लिहिला आहे. नाव आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अशा आजारात ऑपरेशनचा खर्च बहुतेक वेळा सरकारी योजनेतून भागतो. कुटुंब खचतं ते बाकीच्या गोष्टींनी: आजार ओळखायला झालेला उशीर, हाताशी नसलेले कागद, परक्या शहरातलं राहणं-खाणं आणि मागे बंद पडलेली कमाई. या चारही ठिकाणी आपला गट उपयोगी पडू शकतो.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

हृदयाला चार कप्पे असतात. उजवीकडचे कप्पे शरीरातून आलेलं रक्त फुफ्फुसाकडे पाठवतात, तिथे त्यात ऑक्सिजन मिसळतो. डावीकडचे कप्पे ते ताजं रक्त सगळ्या शरीराला पुरवतात. दोन्ही बाजूंच्या मध्ये पडदा असतो. शेतात दोन वाफ्यांमधला बांध फुटला की पाणी नको तिकडे जातं, तसंच या पडद्याला छिद्र राहिलं की रक्त चुकीच्या बाजूला जातं. यालाच आपण हृदयाला भोक म्हणतो. छोटी छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, मोठी असली तर बंद करावी लागतात.

पण प्रत्येक आजार छिद्राचाच असतो असं नाही. काही बाळांची झडप अरुंद असते. काहींच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. आपल्या ताईंच्या नातीला हाच आजार होता. यात ऑक्सिजन नसलेलंच रक्त शरीरभर फिरत राहतं आणि बाळ निळं पडतं. अशा बाळाचं ऑपरेशन साधारण पहिल्या काही आठवड्यांतच करावं लागतं.

हा आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही. जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी २ लाखांहून जास्त बाळं जन्मतात असा अंदाज आहे. त्यातल्या साधारण पाचातल्या एका बाळाला पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा मोठे उपचार लागतात.

आणि आता उपचार आहेत. अभिनेत्री मधुबाला यांच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. त्या काळी आपल्याकडे असं ऑपरेशन सहज होण्यासारखं नव्हतं. १९६९ साली वयाच्या ३६ व्या वर्षी त्या गेल्या. निळ्या पडणाऱ्या बाळावरची पहिली मोठी शस्त्रक्रिया अमेरिकेत १९४४ साली झाली. तिची पद्धत बसवण्यात व्हिव्हियन थॉमस या प्रयोगशाळेतल्या मदतनीसाचा मोठा वाटा होता. ते सुताराचे मुलगे, डॉक्टरकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तेव्हापासून हे शास्त्र इतकं पुढे आलं आहे की आज आपल्या राज्यातच काही दिवसांच्या बाळाचं हृदय दुरुस्त होतं.

दोष कुणाचा?

बाळ आजारी निघालं की पहिलं बोट सुनेकडे जातं. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, कुणाची नजर लागली, पायगुण वाईट. ताईंनो, यातल्या कशानेही हृदयाचा आजार होत नाही. पोटातल्या बाळाचं हृदय गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही.

काही गोष्टींनी धोका वाढतो, तेवढ्या लक्षात ठेवू: आईची ताब्यात नसलेली साखर, पहिल्या तीन महिन्यांत झालेला रुबेला ताप, डॉक्टरांना न विचारता घेतलेली औषधं, तंबाखू-मिश्री, दारू आणि जवळच्या नात्यातलं लग्न. म्हणून मुलींना गोवर-रुबेलाची लस, दिवस गेल्याबरोबर नोंदणी, साखरेची तपासणी आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफी महत्त्वाची. या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाची शंका आली तर बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरवता येतं.

कसं ओळखायचं?

बाळ पोटात असताना त्याची फुफ्फुसं काम करत नाहीत. म्हणून हृदयाजवळ एक जास्तीची नळी असते, तिच्यातून रक्त आडवाटेने जातं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ही नळी बंद होते. काही आजारांत बाळ या नळीच्याच आधाराने तग धरून असतं. म्हणून दवाखान्यातून घरी आणताना बाळ ठणठणीत दिसतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम बिघडतं. "दवाखान्यात तर सगळं बरं होतं" असं म्हणून थांबू नका.

ही लक्षणं बघा:

- ओठ, जीभ किंवा हिरड्या निळसर दिसणं, विशेषतः रडताना. नुसते हात-पाय निळसर असतील तर ते थंडीनेही होतं, पण जीभ निळी असणं धोक्याचं. बाळ सावळं असेल तर जीभच बघा.
- दूध पिताना धाप लागणं, थांबून थांबून पिणं, थोडं पिऊन दमून झोपणं.
- दूध पिताना कपाळाला घाम येणं.
- श्वास जोरात चालणं. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. ६० किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर लगेच दवाखाना.
- वजन न वाढणं, पुन्हा पुन्हा छाती भरणं.
- बाळ मलूल, थंडगार पडणं, दूधच न ओढणं. ही तातडीची वेळ आहे, सकाळची वाट बघायची नाही.

अजून एक सोपी तपासणी आहे. बाळ जन्मून २४ तास झाले की उजव्या हाताला आणि पायाला चिमट्यासारखं यंत्र लावून ऑक्सिजन बघतात. सुई नाही, दुखत नाही. कोरोनात आपण बोटाला लावायचो तसंच, फक्त बाळासाठीचं. आकडा ९५ च्या खाली असेल तर पुढची तपासणी हवी. घरी सोडण्याआधी सिस्टरना विचारा, "बाळाचं ऑक्सिजन हाताला-पायाला बघितलं का?" विचारायला लाजू नका.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. आपल्या ताईंच्या नातीचा आजार लक्षात आला तो सातव्या दिवसाच्या भेटीतच. आशाताईंनी बाळाला पूर्ण उघडं करून बघितलं, श्वास मोजला, रडताना जीभ बघितली. घरचे म्हणत होते, पोरगी जरा सावळी आहे. आशाताईंनी ऐकलं नाही, १०८ ला फोन लावला. म्हणून आशाताई आल्या की "बाळ झोपलंय, नंतर या" असं म्हणू नका. बाळ दुपट्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवा.

एक विनंती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर आणि धुरी नको. दम लागलेल्या बाळाला गुटी, मध, पोटाला चटके, अंगारा यांत वेळ घालवू नका. असल्या आजारात एकेक तास मोलाचा असतो.

येवल्याहून पुढे कसं जायचं?

तातडीच्या वेळी १०८ ची गाडी फुकट मिळते. प्रसूतीसाठी आणि आजारी बाळासाठी १०२ चीही सोय आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, तपासण्या, औषधं आणि ने-आण मोफत आहे. आधी ही सोय ३० दिवसांच्या बाळापर्यंत होती, आता एक वर्षापर्यंत आहे.

वाट साधारण अशी असते. आधी तालुक्याचा सरकारी दवाखाना, मग नाशिकचं जिल्हा रुग्णालय. तिथे नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष आहे. हृदयाचा दोष नक्की करणारी तपासणी म्हणजे टू-डी इको, हृदयाची सोनोग्राफी. त्यानंतर लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं अशा रुग्णालयात पाठवतात. त्यासाठी आपल्याकडच्या कुटुंबांना बहुतेकदा मुंबई गाठावी लागते. परळचं वाडिया हे लहान मुलांचं रुग्णालय १९२९ पासून आहे. शेजारीच केईएम आहे. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे केंद्र मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत करतं.

बाळाला नाजूक अवस्थेत एसटीने किंवा खासगी जीपने नेऊ नका. डॉक्टर असलेली गाडी मागा. वाटेत बाळ उबेत राहिलं पाहिजे. निघण्याआधी पुढच्या दवाखान्यात खाट आहे का, हे डॉक्टरांना फोन करून विचारायला सांगा. ते न विचारता निघालं की बाळाला घेऊन दारोदार फिरायची वेळ येते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला झाली. यातलं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, ० ते १८ वयाची मुलं तपासतं आणि हृदयाचा आजार सापडला तर पुढच्या उपचारांची सोय करतं. पथक येणार त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, २०१७ ला आजचं नाव मिळालं. आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पिवळं, केशरी आणि पांढरं, तिन्ही रेशनकार्डांना ती लागू आहे. मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं यात आहेत. भरती असताना रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एकदाचं एसटी किंवा रेल्वेचं भाडंही यात धरलेलं आहे. हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून मागायचं राहून जातं.

हॉस्पिटल या योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी विचारा. फोन: १५५३८८ किंवा १८००२३३२२००. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, पहिल्यांदा त्यांनाच गाठा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात.

बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतं, म्हणून घाबरू नका. जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो, रेशनकार्ड आणि आई-वडिलांचं ओळखपत्र यावर काम होतं. एका पिशवीत हे ठेवा:

- रेशनकार्ड, आई-वडिलांचं आधार कार्ड, बँक पासबुक
- बाळाचा जन्मदाखला (नोंद २१ दिवसांच्या आत करा)
- माता-बाल संरक्षण कार्ड, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड
- टू-डी इकोचा रिपोर्ट आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी
- सगळ्याच्या पाच-सहा झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करता येतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागाचं दार ठोठवा, बोलायला संकोच करू नका.

परक्या शहरातले पाच आठवडे

या कुटुंबाचं ऑपरेशन योजनेतून झालं. खिशातून गेलं ते वेगळंच. रोजचं जेवण, चहा, सुरुवातीच्या चार रात्रींची खोली, लंगोट, मोबाइलचा रिचार्ज, घरच्यांच्या फेऱ्या. "ऑपरेशनचा रुपया लागला नाही, पण मुंबईत श्वास घ्यायलाबी पैसे लागतात," असं त्या ताई म्हणाल्या.

राहण्यासाठी आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी जागा मिळायला हॉस्पिटलची चिठ्ठी लागते. प्रवासात महिलांना एसटीच्या तिकिटात १७ मार्च २०२३ पासून निम्मी सवलत आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेतही सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो. मनमाडहून सुटणारी पंचवटी दादरला थांबते, तिथून परळ जवळ.

सगळ्यात जास्त हाल होतात ते बाळंतिणीचे. टाके ओले, अंगावरून जातंय, बाळ काचेच्या आत आणि ती बाहेर बाकड्यावर. तिच्या खाण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. सोबत एक बाईमाणूस हवंच, आणि तिने बाळाइतकंच आईला सांभाळायचं. बाळ अंगावर पीत नसलं तरी दर दोन-तीन तासांनी दूध काढावं लागतं, नाहीतर दूध आटतं. काढलेलं दूध नळीवाटे बाळाला देतात. काही हॉस्पिटलांत दूधपेढी असते. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आईला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाकडे बघवत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हा हट्ट किंवा नाटक नसतं.

डॉक्टर बोलतात ते घाईत कळत नाही. वहीत प्रश्न लिहून ठेवा: आजाराचं नाव काय, ऑपरेशन एकदाच की पुन्हा, धोका किती, घरी कधी? कळलं नाही तर "मराठीत पुन्हा सांगा" म्हणा. सही करण्याआधी कागद वाचून घ्या.

मागे राहिलेलं घर

हे कुटुंब पैठणी विणतं. नवरा-बायको दोघंही मागावर. ते मुंबईला गेले तेव्हा अर्धी साडी मागावर तशीच होती. साडी उतरल्याशिवाय मजुरी नाही, आणि आधीची उचल डोक्यावर. घरी चार वर्षांचा मुलगा, आजारी आजोबा, दोन शेळ्या.

गटाने तिसऱ्याच दिवशी जादा बैठक घेतली. अंतर्गत कर्ज मंजूर केलं आणि पहिले दोन महिने हप्ता न घेण्याचा ठराव लिहिला. ग्रामसंघाकडे जोखीमप्रवणता निधीची मागणी केली. दोघींनी मुलाला अंगणवाडीत सोडायचं-आणायचं घेतलं, एकीने शेळ्या बघितल्या, भाकरीची पाळी लावली. शेजारच्या विणकराने साडी पूर्ण करून दिली आणि मजुरी वाटून घेतली.

हिशोब करून बघा. समजा ५० हजार रुपये लागले. सावकाराचं व्याज महिन्याला शेकडा ५ धरलं तर महिन्याला २,५०० रुपये, वर्षाला ३० हजार नुसतं व्याज. गटाचं शेकडा १ धरलं तर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६ हजार. म्हणजे २४ हजारांचा फरक. तेवढ्या पैशांत बाळाच्या तपासणीच्या कितीतरी फेऱ्या होतात.

"मुलगीच आहे ना?"

हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. नाशिकला असताना भावकीतल्या एकाने फोनवर सांगितलं, "मुलगी आहे, एवढा आटापिटा कशाला? पुढं लग्नाचं काय?" आजीने, म्हणजे आपल्या गटातल्या ताईंनी उत्तर दिलं, "लग्नाचं मी बघीन. आधी जगू तर दे तिला." आपल्या देशात हृदयाच्या ऑपरेशनला मुलांपेक्षा मुली कमी आणल्या जातात, हे अभ्यासात दिसलं आहे. योजनेला मुलगा-मुलगी फरक नाही. तो आपल्या उंबऱ्याच्या आत होतो, म्हणून तिथेच अडवावा लागेल.

घरी आल्यावर

ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं नाही. औषध ठरल्या वेळी आणि ठरल्या मापाने द्या, बरं दिसतंय म्हणून बंद करू नका. तपासणीची तारीख गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. लसी डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. ताप आला, दूध कमी झालं, जखम लाल झाली तर लगेच दवाखाना. पहिले काही दिवस बघायला येणाऱ्यांची गर्दी नको. सर्दी-खोकला असलेल्यांनी दारातूनच विचारपूस करावी, हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. वेळेत उपचार झालेली बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात. काहींना पुढे पुन्हा ऑपरेशन किंवा आयुष्यभर तपासणी लागते. आणि हेही खरं की सगळीच बाळं वाचत नाहीत. ज्या घरात असं झालं आहे, तिथे "काय चुकलं" विचारायला जाऊ नका. नुसतं शेजारी बसा.

पुढच्या बैठकीत एवढं करू

१. गावात कोण गरोदर आहे, कोण बाळंतीण आहे, याची यादी करून आशाताईंशी जुळवू.
२. प्रत्येकीच्या घरातलं रेशनकार्ड आणि आधार बघू. नावात चूक असेल तर आताच दुरुस्त करू.
३. १०८, १०२ आणि १५५३८८ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहू.
४. तातडीच्या आजारासाठी जादा बैठक किती वेळात घ्यायची आणि कर्ज किती द्यायचं, याचा ठराव आधीच लिहून ठेवू.
५. श्वास कसा मोजायचा ते आशाताईंकडून सगळ्या जणी शिकू.

कुणाच्या गावात अशी शंका असलेलं बाळ असेल तर मासिक बैठकीपर्यंत थांबू नका. आधी आशाताईंना आणि १०८ ला फोन करा, मग मला. रात्री केला तरी चालेल.

तुमची,
प्रभाग समन्वयक, येवला